टच अँड गो

परवा भाचीची इंग्रजीची वही सहज चाळायला घेतली. सातवीत आहे ती. सुंदर अक्षर, लाल पेनाने आखलेला समास आणि वर मथळा: 'इडियम्स अँड फ्रेजेस'. खाली एक ते चाळीस आकडे. पहिला मानकरी अर्थातच 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'. अर्थ: मुसळधार पाऊस पडणे. वाक्यात उपयोग: 'जुलैमध्ये महाबळेश्वरला कॅट्स अँड डॉग्स पडतात.' मग 'किक द बकेट', 'अ बोल्ट फ्रॉम द ब्लू', 'टु बर्न द मिडनाइट ऑइल', 'अ व्हाइट एलिफंट'... सगळी जुनी ओळखीची मंडळी. माझ्या सातवीच्या वहीत हीच यादी होती, बहुधा याच क्रमाने. माझ्या बाबांच्याही असावी.

मला हसू आलं आणि मग जरा कसंतरीच झालं. कसंतरी का झालं, ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. पण जरा फिरून येते, कारण थेट तिथे जायला मला थोडा वेळ लागणार आहे.

आपल्याकडे वाक्प्रचार म्हणजे 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा'. मराठीच्या पेपरात तेच, इंग्रजीच्या पेपरात तेच. आमच्या बाई सांगायच्या, वाक्प्रचार हे भाषेचे दागिने आहेत, निबंधात निदान चार तरी घाला. मग आम्ही घालायचो. गाईवरच्या निबंधातसुद्धा घालायचो. घरात रेन आणि मार्टिनचं व्याकरणाचं जाडजूड पुस्तक होतं, त्यातले वाक्प्रचार पाठ करून मी आंतरशालेय स्पर्धेत बक्षीसही मिळवलं होतं. घरात माझी ख्याती 'इंग्लिश पक्कं' अशी झाली ती तेव्हापासून. ही ख्याती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. त्या 'कॅट्स अँड डॉग्स'ची जोनाथन स्विफ्टने 1738 मध्येच थट्टा करून ठेवली आहे. उच्चभ्रू लोक गप्पांमध्ये कशी ठरावीक घासून गुळगुळीत झालेली वाक्यं फेकतात, याची टिंगल करणारं एक संभाषणवजा पुस्तक त्याने लिहिलं, त्यात ही मांजरं-कुत्री आहेत. म्हणजे जो वाक्प्रचार जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच शिळा ठरला होता, तो आपण आजही यादीत पहिल्या नंबरावर ताजा म्हणून वाढतो आहोत. त्याच्या उगमाची एक गोष्टही तुम्ही वाचली असेल: पूर्वी इंग्लंडात गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पावसात घसरून खाली पडायची. 1999 च्या सुमारास ही गोष्ट एका ई-मेल फॉरवर्डमधून जगभर फिरली, आता व्हॉट्सॅपवर फिरते. पूर्णपणे थाप आहे. छपरावर कुत्री कशाला चढतील, एवढा विचार केला तरी पुरे.

असो. तर अशी भरपूर दागिन्यांनी मढून मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगच्या कामाला लागले आणि परदेशातल्या क्लायंटशी फोनवर बोलायची पाळी आली. पहिल्या सहा महिन्यांत एकाही माणसाने बादलीला लाथ मारली नाही की मध्यरात्रीचं तेल जाळलं नाही. त्याऐवजी भलतंच काहीतरी कानावर यायला लागलं. अमेरिकन क्लायंट म्हणाला, 'गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर.' आम्ही तिघी दोन दिवस बसून तासांचा अगदी दशांशापर्यंत हिशोब करून पाठवला. त्याला हवा होता फक्त ढोबळ अंदाज. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान, हे मला नंतर कळलं. मग लक्षात आलं की अमेरिकन माणसाच्या बोलण्यात बेसबॉल ठायी ठायी असतो, 'टच बेस', 'कर्व्हबॉल', 'स्टेप अप टु द प्लेट'. आपण क्रिकेटवाले. आपल्याला 'बॅकफूटवर जाणं' किंवा 'गुगली टाकणं' कोणी शिकवावं लागत नाही. पण ज्या खेळाचा एक चेंडूही पाहिलेला नाही, त्या खेळातून आलेली भाषा कळणार कशी?

हे झाले हसण्यावारी नेण्याचे घोटाळे. पण हळूहळू माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. क्लायंट खुशीत असला, कामाचं कौतुक करत असला की साधं सरळ बोलतो. वाक्प्रचार येतात ते काहीतरी अवघड सांगायचं असलं की.

म्हणजे कसं? आमच्याबरोबरच्या एकाने क्लायंटकडच्या साहेबाला पुण्यात आल्यावर घरी जेवायला बोलावलं. साहेब हसून म्हणाला, 'कॅन आय टेक अ रेन चेक?' पावसामुळे बेसबॉलचा सामना रद्द झाला तर प्रेक्षकाला पुढच्या सामन्यासाठी जे तिकीट मिळायचं, ते रेन चेक. शब्दशः अर्थ 'पुढच्या वेळी नक्की'. पुष्कळदा खरा अर्थ 'नको'. आमचा गडी पुढचे तीन दौरे दरवेळी आठवणीने विचारत राहिला आणि साहेब दरवेळी अवघडत राहिला.

2008 ची मंदी आली तेव्हा अमेरिकेत असलेल्या एका मित्राला बोलावून सांगितलं गेलं, 'वी हॅव टु लेट यू गो.' त्याला आधी वाटलं, आज लवकर घरी सोडताहेत. तो म्हणाला, 'थँक यू.' ही गोष्ट तो आता हसत हसत सांगतो. तेव्हा हसला नव्हता.

आणि इंग्रजी बोलणारे आपापसात तरी नीट समजून घेतात म्हणावं, तर तेही नाही. 1941 च्या अखेरीस वॉशिंग्टनला ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकारी एकत्र बसले होते. ब्रिटिशांना एक निकडीचा मुद्दा 'टेबल' करायचा होता. ब्रिटिश इंग्रजीत 'टेबल करणं' म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकनांच्या मते 'टेबल करणं' म्हणजे बाजूला ठेवून देणं. दोघांनाही तो मुद्दा तातडीने घ्यायचाच होता, आणि तरी दोघं बराच वेळ कडाकडा भांडले. चर्चिलने दुसऱ्या महायुद्धावरच्या आपल्या ग्रंथात हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

तिथे निदान नुसतं भांडणच झालं. कोरियाच्या युद्धात त्याहून वाईट झालं. एप्रिल 1951 मध्ये इमजिन नदीकाठी ब्रिटिशांची ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन चिनी सैन्याच्या प्रचंड लोंढ्यापुढे अडकली. ब्रिटिश ब्रिगेडचे प्रमुख ब्रॉडी यांनी वरच्या अमेरिकन सेनापतीला परिस्थिती सांगितली ती 'थिंग्ज आर अ बिट स्टिकी' अशा शब्दांत. इंग्रज माणसाने 'जरा चिकट झालंय' म्हटलं तर समजायचं की आता काही खरं नाही. अमेरिकन सेनापतीने त्याचा अर्थ घेतला, जरा त्रास आहे पण निभावतंय. माघारीचा हुकूम वेळेत मिळाला नाही, मदत पोचू शकली नाही. त्या बटालियनचे पाचशेहून जास्त सैनिक कैदी झाले, मोजकेच निसटले. केवळ त्या दोन शब्दांमुळेच हे झालं असं कोणी म्हणणार नाही, युद्धात कारणं पुष्कळ असतात. पण या लढाईबद्दल लिहिणाऱ्यांनी हे दोन शब्द पुन्हा पुन्हा नोंदवले आहेत.

आता घरची गोष्ट.

आमच्या घरच्या वाचकांना नानाकाकांचं आजारपण माहीत आहे. 2007 च्या नोव्हेंबरात नाना आणि काकू दादाकडे इंग्लंडला गेले होते. दादा ऑफिसच्या कामासाठी चार दिवस जर्मनीला गेला असताना गुरुवारी रात्री नानांना हार्ट अॅटॅक आला. काकूंनी शेजारच्यांना उठवलं, अॅम्ब्युलन्स आली. शुक्रवारी सकाळी डॉक्टर काकूंशी बोलले आणि मग काकूंनी कॉलिंग कार्डावरून पुण्याला आमच्याकडे फोन केला.

नंतर घरात ही गोष्ट ज्या पद्धतीने सांगितली गेली, ती अशी: काकूला इंग्रजी कळलं नाही, तिने 'काही विशेष नाही' असा निरोप दिला, म्हणून भाऊला वेळेवर जाता आलं नाही. लग्नाकार्यात, बाराव्या-तेराव्याला ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. 'बिचारी, एकटी होती, तिला काय कळणार' असंच सगळे म्हणतात. काकूंनी एकदाही त्यात दुरुस्ती केलेली नाही.

ती दुरुस्ती मी करायला हवी होती. कारण तो फोन मी उचलला होता.

काकूंनी निरोप चुकीचा दिला नाही. डॉक्टरांचे शब्द त्यांनी जसेच्या तसे, अक्षर न बदलता सांगितले. म्हणाल्या, "डॉक्टर फार भला माणूस आहे गं, माझ्या शेजारी बसून हळू आवाजात बोलला. म्हणाला, 'इट्स टच अँड गो.' म्हणजे काय गं? तुझं इंग्लिश पक्कं आहे म्हणून विचारते."

आणि इंग्लिश पक्कं असलेल्या मी एक सेकंदही न थांबता सांगितलं, "काही काळजी करू नका काकू. टच अँड गो म्हणजे नुसतं स्पर्श करून गेलं. थोडक्यात निभावलं."

तुम्हीच सांगा, मराठी कानाला दुसरं काय वाटणार? आपल्याकडे गोळी चाटून जाते, संकट स्पर्शून जातं. टच झालं आणि गो झालं. मला शंकासुद्धा आली नाही. माझ्या चाळीसच्या यादीत तो वाक्प्रचार नव्हता, आणि जो यादीत नाही तो वाक्प्रचारच नाही अशी माझी बहुधा समजूत होती. त्याचा खरा अर्थ आहे: काहीही होऊ शकतं, जगतील की नाही सांगता येत नाही. उथळ पाण्यात जहाजाचा तळ जमिनीला घासावा आणि ते निसटेल की रुतेल हे त्या क्षणी कळू नये, तशी अवस्था. ती पार पडल्यावर 'इट वॉज टच अँड गो' म्हटलं तर 'थोडक्यात वाचलो' असाही अर्थ होतो. काकूंनी 'इट्स' सांगितलं होतं. मी 'वॉज' ऐकलं.

काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. फोनवरून मला तो ऐकू आला. मी बाबांना सांगितलं, बाबांनी आत्याला सांगितलं, सगळे निर्धास्त झाले. दादा शनिवारी परत पोचला तो तडक दवाखान्यात गेला. आपल्याकडे सगळं कळलंय असं तो धरून चालला होता. रविवारी रात्री त्याचा फोन आला आणि त्याचं पहिलं वाक्य होतं, "भाऊकाका निघाले का?"

सोमवारी सकाळी बाबा व्हिसाच्या अर्जासाठी फोटो काढायला गेले. बुधवारी नाना गेले.

शुक्रवारीच अर्ज केला असता तर बाबांना वेळेत व्हिसा मिळाला असता का? बहुधा नाही. हे मी स्वतःला खूपदा सांगितलं आहे. पण निदान फोन लावून नानांच्या कानाशी धरायला सांगता आला असता. ते तीन दिवस दोघा भावांचे होते, ते मी एका चुकीच्या भाषांतरात घालवले. बाबांनी मला याबद्दल कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. आणि काकूंनी माझं नाव कधीच कुठे घेतलं नाही.

डॉक्टरांची यात काही चूक होती असं मला वाटत नाही. त्यांच्या भाषेत ते जितक्या मायेने बोलता येईल तितक्या मायेने बोलले. 'तुमचे यजमान कदाचित वाचणार नाहीत' हे वाक्य एका परक्या, म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर कोण टाकेल? आपणही टाकत नाही. आपल्या मराठीचंच बघा ना. घरात मृत्यू झाला की देवाज्ञा होते. बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणायचं, दुकान बंद करायचं तर वाढवायचं, निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणायचं. ऑफिसात माझी एक बंगाली मैत्रीण हौसेने मराठी शिकली होती. एका सहकाऱ्याबद्दल कुजबुज झाली की त्याला नारळ देणार आहेत. तिला वाटलं, शाल-श्रीफळ देऊन सत्कार. ती त्याचं अभिनंदन करून आली! त्या बिचाऱ्याला त्याची नोकरी जाणार हे तिच्याकडून कळलं.

म्हणून मला वाटतं, वाक्प्रचार हे दागिने आहेत हे बाईंचं म्हणणं अपुरं होतं. ते पडदेही असतात. मरण, पैसा, नकार, नोकरी जाणं, असं काही समोर आलं की माणूस त्याच्यावर पडदा ओढतो. भाषा घरची असेल तर पडद्याआडचं आपल्याला दिसतं. परकी असेल तर पडद्यावरची नक्षी तेवढी दिसते. आणि नेमकं आयुष्यातल्या ज्या क्षणी समजायलाच हवं, त्या क्षणी तो आपल्यासमोर येतो. पाऊस पडतोय हे सांगायला कोणाला वाक्प्रचार लागत नाही, पाऊस खिडकीतून दिसतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांना चाळीस वाक्प्रचार 'वाक्यात उपयोग करा' म्हणून शिकवण्यापेक्षा चार प्रसंग द्या. डॉक्टर असं म्हणाले, साहेब असं म्हणाला, शेजारीण असं म्हणाली, तर त्यांना काय सांगायचं होतं? परकी भाषा बोलताना वाक्प्रचार वापरता आले नाहीत तरी काही अडत नाही. साधं बोललं की चालतं, उलट जास्त चांगलं कळतं. ऐकताना मात्र ते ओळखता यायला हवेत. निदान 'हे शब्द सोपे आहेत, पण याचा अर्थ मला माहीत नाही' एवढी शंका यायला हवी. अवघड शब्द आला की आपण डिक्शनरी काढतो. 'टच' आणि 'गो' साठी कोण काढतं?

आणि न कळलेलं विचारायला लाजू नये. काकू लाजल्या नाहीत, त्यांनी विचारलं. 'मला नक्की माहीत नाही, त्या डॉक्टरांनाच पुन्हा विचारा' हे म्हणायला मी लाजले.

2021 मध्ये बाबा कोविडने दवाखान्यात होते. इथेच, पुण्यात. रोज संध्याकाळी डॉक्टरांचा फोन यायचा. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "लेट्स कीप अवर फिंगर्स क्रॉस्ड. ही इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट." दोन्हींचा अर्थ मला चांगला माहीत होता. तरी मी म्हटलं, "डॉक्टर, मराठीत सांगा. सरळ सांगा. भावाला बंगलोरहून बोलावू का?" ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो, बोलवा." भाऊ रात्रीच गाडीने निघाला. बाबा पुढे अकरा दिवसांनी बरे होऊन घरी आले, तो भाग वेगळा. पण तो आला होता.

भाचीच्या वहीत चाळीसच्या खाली मी पेन्सिलने एक्केचाळीसावा लिहून दिला. तिने अर्थ विचारला, तो सांगितला. मग म्हणाली, "आणि वाक्यात उपयोग?" म्हटलं, तो राहू दे.

काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना फोन करून मी हे सगळं सांगितलं, लिहिणार आहे म्हणून परवानगीही मागितली. म्हणाल्या, "अगं, किती वर्षं झाली, आता कशाला?" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "लिही हवं तर."

तेव्हा घरच्या मंडळींनो, यापुढे ती गोष्ट सांगाल तेव्हा नीट सांगा. काकूंना इंग्रजी कळलं नव्हतं असं नाही. त्यांना कळत नाही हे त्यांना कळलं होतं. मला तेवढंही कळलं नव्हतं.